बंद नंबरवर रिचार्ज

«काकू, नमस्कार. मी इचलकरंजीत असते. माहेर कोल्हापुरात, नाल्याकाठच्या एका गल्लीत. माझ्या पाठचा भाऊ फेब्रुवारी 2022 मध्ये एका सकाळी सहाला ‘कामावर जातो’ म्हणून गाडी घेऊन बाहेर पडला, तो आजतागायत घरी आलेला नाही. तेव्हा 24 वर्षांचा होता. शिरोलीत एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर. तीन दिवसांनी गाडी मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या पार्किंगमध्ये मिळाली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. मोबाईल त्या सकाळीच बंद झाला होता. पोलिसांत मिसिंग दिली आहे. सुरुवातीला ‘मोठा मुलगा आहे, येईल आपला आपण’ म्हणाले, आता ‘काही असलं तर कळवतो’ म्हणतात. जायच्या आधी दोन-तीन महिने त्याची झोप गेली होती. कंपनीतली माणसं माझ्यावर नजर ठेवतात, असं म्हणायचा. आम्ही कामाचं टेन्शन समजलो.

आई रात्री दाराला आतून कडी लावू देत नाही. 2024 च्या पुरात गल्ली रिकामी करत होते, तर ही उंबऱ्यावर बसून राहिली. ‘त्यो आला आणि कुलूप बघून परत फिरला तर?’ बाबा बोलतच नाहीत. रविवारी त्याची गाडी पुसतात, पाच मिनिटं चालू ठेवतात आणि बंद करतात. चुलते म्हणतात, क्रियाकर्म उरकून घ्या, घराला दोष लागलाय म्हणून धाकट्याचं लग्न जमत नाही. त्यांनीच एक महाराज आणलेत, ते 41 हजार मागतात. मी नवऱ्याला न सांगता भावाच्या नंबरवर रिचार्ज मारते. वेड लागलंय का मला? आणखी एक. आदल्या रात्री त्यानं माझ्याकडं 15 हजार मागितले होते. मी नाही म्हणून फोन कट केला. हे घरात कुणालाच माहीत नाही. तो आहे की नाही, काय धरून चालू?»

पोरी, काकू म्हणालीस, तर मीही तुला अरेतुरेच करते.

रिचार्जपासून सुरू करते, कारण पत्रात तुला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटलेली दिसते. नंबर 90 दिवस वापरात नसला की तो बंद होऊ शकतो, आणि पुढं काही काळानं कंपनी तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाकते. मग एखाद्या रात्री तुझी आई चुकून तो लावते आणि पलीकडनं कुणीतरी परका ‘हॅलो, कोण पाहिजे?’ म्हणतो. मी एका घरात हे झालेलं पाहिलंय. त्या बाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तेव्हा रिचार्ज चालूच ठेव, फक्त नवऱ्याला सांगून ठेव. लपवून केलं की शहाणपणाचं कामसुद्धा वेडेपणासारखं दिसायला लागतं.

आता ‘आहे की नाही’. तुम्ही सगळेजण चार वर्षं एकमेकांकडून याचंच उत्तर मागताय, आणि ते घरातल्या कुणाकडंच नाही. आईनं ‘आहे’ धरलंय, चुलत्यांनी ‘नाही’ धरलंय, बाबांनी गाडी धरलीय. पानिपतानंतर पार्वतीबाईंचं हेच झालं होतं. सदाशिवरावभाऊ 14 जानेवारी 1761 ला रणात दिसेनासे झाले. बाईंनी स्वतःला विधवा मानायला नकार दिला. त्यांना वेडी म्हणणारे तेव्हाही असतील. पण त्या गोष्टीतला पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण लवकरच भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला. वर्षानुवर्षं त्यानं माणसं फिरवली, फौज जमवली, आणि 1776 मध्ये पुण्याच्या दरबारानं त्याला देहान्त दिला तेव्हा कुठं ते प्रकरण मिटलं. जिथं वाट पाहणारं माणूस असतं, तिथं तोतया येतोच. तुमच्या घरी तो 41 हजार मागत आलाय.

त्याच्याबद्दल एकदाच बोलते आणि पुढं जाते. आईनं जोतिबाला जाऊन गुलाल-खोबरं उधळावं, अंबाबाईची ओटी भरावी, त्याला माझी काही हरकत नाही. तिथनं ती चार घटका शांत होऊन येत असेल तर दर रविवारी जाऊ दे. हरवलेला माणूस ‘दक्षिणेला बंधनात आहे, तोड काढतो’ म्हणून पैसे उकळणं मात्र या राज्यात गुन्हा ठरू शकतो. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे, आणि तो ज्या माणसाच्या खुनानंतर चार दिवसांत वटहुकूम म्हणून आला, त्या डॉ. दाभोलकरांना विसरायला आपल्याला इतकी वर्षं अजून झालेली नाहीत. चुलत्यांना सांग, महाराजांनी पावती द्यावी. बघ काय होतं.

क्रियाकर्माची घाई चुलत्यांना असेल, शास्त्राला नाही. परागंदा माणसाची बारा वर्षं वाट पाहावी, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी करावा, ही जुनी रीत आहे. कायदा तरी सात वर्षं थांबतो: ज्यांना एरवी त्याची खबर लागली असती अशा माणसांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. आधी हे 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 108 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात 111 आहे. तुमच्या बाबतीत ती मुदत फेब्रुवारी 2029 ला भरेल. त्या दिवशी आपोआप काही होत नाही. दाखला हवा असेल तर दिवाणी कोर्टातनं तसं जाहीर करून घ्यावं लागतं. बाबांच्या नावावर सातबारा असेल आणि पुढं वारसाची वेळ आली, तर हा कागद लागेल. आज त्यात डोकं घालू नकोस.

धाकट्याच्या लग्नाचं आणि याचं काडीचंही नातं नाही. पोरीकडच्यांना खरं ते सरळ सांगा. लपवलंत तर तेच नंतर गळ्यात येईल.

आता पोलीस. मी वकील नाही, पण आमच्या ओळखीतले एक निवृत्त हवालदार आहेत, त्यांच्यासमोर तुझं पत्र, नाव-गाव न सांगता, वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “ताई, मिसिंगचा कागद आपणहून हलत न्हाई. हलवाय लागतोय.” पुढचा तासभर ते जे बोलले ते माझ्या शब्दांत देते.

हरवलेला मुलगा 18 च्या खालचा असला तर अपहरणाचा गुन्हा नोंदवावाच लागतो, 2013 पासून सर्वोच्च न्यायालयाचा तसा आदेश आहे. मोठ्या माणसाची नुसती मिसिंग होते, गुन्हा नाही. त्यामुळं त्या कागदामागं तपासाचा रेटा नसतो. तो तुम्ही द्यायचा. पहिलं काम, ठाण्यात जाऊन मिसिंगचा नंबर आणि सध्याचे तपासी अंमलदार कोण ते लिहून घे. चार वर्षांत दोन-तीन तरी बदलले असतील आणि नवीन आलेल्यानं फाईल उघडलेली असेलच असं नाही. तोंडी विचारू नकोस. अर्ज दे, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घे, एक प्रत पोलीस अधीक्षक कार्यालयात दे. अर्जात आरोप करू नकोस, प्रश्न विचार: त्या वेळी त्याच्या मोबाईलचा सीडीआर, म्हणजे कुणाला कधी फोन झाले त्याची यादी, मागवला होता का, फाईलला लागला आहे का? फोन कंपन्यांना हे रेकॉर्ड साधारण दोन वर्षं ठेवावं लागतं. म्हणजे 2024 च्या फेब्रुवारीनंतर ते कंपनीकडं मिळायची आशा कमीच. तेव्हा घेतलं असेल तर ते फाईलमध्येच आहे, आणि शेवटचा टॉवर कुठला, शेवटचे चार नंबर कुणाचे, हे त्यातच आहे. बसस्थानकाचं सीसीटीव्ही आता मिळणार नाही, त्याच्यामागं लागून जीव शिणवू नकोस. बँक खात्यावर त्या दिवसानंतर एकतरी व्यवहार झाला का, हे पोलीस बँकेला विचारू शकतात. पीएफचा नंबर होताच. नंतर कुठल्या कंपनीनं त्याचा पीएफ भरला का, हेही विचारता येतं. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाक. उत्तराची मुदत 30 दिवसांची.

आधारचा मुद्दा मला नवीन होता. माणूस कुठंही गेला तरी नवं सिम, नवी नोकरी, खोली, कुठंतरी आधार लावतोच. तो मागोवा पोलिसांना थेट मिळत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचा आदेश लागतो. पूर्वी एवढ्यासाठी मुंबई गाठावी लागायची, वकिलाची फी, जायचं-यायचं, तारखा. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय. या बेंचसाठी इथल्या वकिलांनी किती वर्षं आंदोलनं केली ते तू ऐकलं असशील. तुझ्यासारख्यांसाठीच होती म्हण ती. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विनामूल्य वकील मागता येतो, बाईमाणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तपास पुढं सरकत नाही म्हणून तिथं रिट करता येईल का, हे त्यांना विचार.

मग हवालदारसाहेबांनी विचारलं, “वळख काय दिलीया?” तू पत्रासोबत पाठवलेली पत्रकाची प्रत दाखवली. पासपोर्ट फोटो, ‘रंग सावळा, उंची पाच फूट सात इंच, अंगात निळा शर्ट’. ते हसले नाहीत, पण म्हणाले, अशी पोरं शिवाजी पुतळ्याजवळ संध्याकाळी शंभर दिसतील. चार वर्षांत शर्ट गेला, दाढी वाढली, वजन घटलं असेल. न बदलणारं काय आहे ते सांगा. तेव्हा मला तुझ्या पत्राच्या समासातली ती ओळ आठवली: तो दहावीपर्यंत तालमीत जायचा आणि त्याचा डावा कान मोडलेला आहे. पोरी, तूच ते समासात टाकलंस! पैलवानाचा मोडका कान आयुष्यभर तसाच राहतो. गंगावेशीपासून कुठल्याही तालमीतला माणूस तो लांबनं ओळखतो, पण बंगळूरच्या किंवा सुरतच्या हवालदाराला कुणी सांगितलं तरच कळणार. नवं पत्रक कर. कानाचा जवळनं फोटो असेल तर तो मोठा छाप. चालताना खांदा कसा टाकतो, रागावला की कुठला शब्द तोंडात येतो, तेही लिही. ‘गा’ आणि ‘लई’ म्हणणारा माणूस मराठी न कळणाऱ्या गावातही लक्षात राहतो.

यानंतरचं जरा सावकाश वाच. झोप जाणं, माणसं नजर ठेवतात असं वाटणं. मी डॉक्टर नाही, आणि तुझ्या भावाला काही झालंच होतं असं म्हणत नाही. पण ही लक्षणं अशी आहेत की माणूस भीतीनंच घर सोडतो, आणि मग परत यायचं त्याला सुचत नाही, कधी नाव-पत्ताही सांगता येत नाही. असा माणूस रस्त्यावर सापडला तर त्याला ताब्यात घेऊन 24 तासांत सरकारी दवाखान्यात न्यावं, असं 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 100 मध्ये पोलिसांना बंधन घातलंय. पुण्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी, अशी आपल्या राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. रत्नागिरी तर आंबा घाट उतरला की आलीच. चारही ठिकाणी पत्रक रजिस्टर पोस्टानं पाठव, रत्नागिरीला जमल्यास स्वतः जा. आणि रायगडातल्या कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था आहे, रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवणारी. 2018 चं मॅगसेसे त्यांना याच कामासाठी मिळालं. औषधं सुरू झाल्यावर एखाद्या दिवशी माणूस आपणहून गावाचं नाव सांगतो आणि वर्षानुवर्षांनी घराच्या दारात उभा राहतो, असं तिथं घडत आलंय. तुला खोटी आशा देत नाही. शोधायच्या जागांमध्ये या जागा तुम्ही धरल्याच नव्हत्या, एवढंच म्हणते.

आणि एक जागा अशी आहे की ती लिहिताना माझाही हात थांबला. गाडी बसस्थानकावर होती, म्हणजे तो बसनं गेला असं तुम्ही धरलंत. असेलही. पण हवालदारसाहेब म्हणाले, अनोळखी मयतांची नोंद पडताळल्याशिवाय फाईल पुरी होत नाही. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, राजापूरच्या बंधाऱ्यापुढं कृष्णा कर्नाटकात जाते. तिथनं पुढं जे काही नोंदवलं जातं ते बेळगाव जिल्ह्याच्या ठाण्यांत, कन्नडमध्ये. म्हणून अर्जात सांगली, बेळगाव आणि बागलकोटला पत्रव्यवहार झाला का हेही विचार, आणि आई-बाबांचे डीएनए नमुने द्यायला तयार आहोत असं लेखी कळव. हा अर्ज तू दे. आईला सही करायला लावू नकोस. नमुन्याची वेळ आली की मग सांग, तेव्हाही ‘पोलिसांना लागतंय’ एवढंच सांग.

दुसरी शक्यताही उघडपणे बोलून ठेवते. तो सापडला, धडधाकट सापडला, आणि ‘मला घरी जायचं नाही’ म्हणाला, तर? सज्ञान माणसाला तसा हक्क आहे. पोलीस त्याचा जबाब घेतात, तुम्हाला ‘सुखरूप आहे’ म्हणून कळवतात, पत्ता देतीलच असं नाही. मला वाटतं, तुझ्या बाबांच्या डोक्यात हेच असावं. बाप गप्प बसतो तेव्हा बहुतेक वेळा तो स्वतःच्याच एखाद्या वाक्यापाशी अडकलेला असतो. एखाद्या रविवारी ते गाडी पुसत असताना दुसरं फडकं घेऊन शेजारी बस. विचारू काही नकोस.

पत्रकावर नंबर घालताना मात्र सावध. ‘तुमचा मुलगा आमच्या दवाखान्यात आहे, आधी पाच हजार पाठवा’ असे फोन येणार. तोतयाचीच नवी आवृत्ती. पैसे कुणालाही पाठवायचे नाहीत, आधी व्हिडिओ कॉलवर कान दाखवा म्हणायचं. गेलेच पैसे तर लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लाव. कानाचा फोटो मग पत्रकावर छापायचा की नाही, असा प्रश्न तुला पडेल. मोडका आहे एवढं छाप, कुठला ते ठेव स्वतःपाशी. पोलिसांच्या आणि दवाखान्यांच्या प्रतीत तेवढा फोटो लाव. (वर मी ‘मोठा छाप’ म्हणाले ते त्यांच्यासाठी. आणि तुझ्या पत्रात डावा होता की उजवा, ते मी इथं मुद्दाम बदललंय.)

आता त्या 15 हजारांचं. तू ‘नाही’ म्हणालीस त्या रात्री तुला फेब्रुवारीतली ती सकाळ माहीत नव्हती. भाऊ बहिणीकडं पैसे मागतात, बहिणी कधी देतात, कधी कट करतात. महिनाअखेर होता, तुझाही संसार आहे. पण समजूत घालायला हे लिहीत नाही. तुझ्या अपराधीपणाच्या भावनेनं एक खरं नुकसान केलंय: ही माहिती चार वर्षं पोलिसांना मिळालेली नाही. कामावर असलेल्या पोराला रातोरात 15 हजार कशाला लागत होते? कुणाचं देणं होतं का, कर्जाच्या ॲपवाले मागं लागले होते का, की नुसतं प्रवासासाठी? हा तपासातला धागा आहे, आणि तो तुझ्या पदरात गाठ मारून बसलाय. पुरवणी जबाब दे. ठाण्यात जायच्या आधी नवऱ्याला सांग, मग बाबांना. रात्र रात्र झोप येत नसेल तर 14416 ला फोन लाव, टेली-मानस म्हणून मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

राहिली आई. कडीचं म्हणशील तर आतनं साखळी बसव, दार फटीएवढं उघडं राहतं आणि चोर शिरत नाही. ती ऐकेल. पुराचं मात्र तिच्याशी आत्ताच, कोरड्यात बोलायला हवं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 39 झाले की ती तुझ्याकडं इचलकरंजीला निघेल, असं तिच्याकडनं कबूल करून घे. फुकट कबूल करणार नाही. बदल्यात दारावर नंबर लिहून दे. तुझा नको, त्याला पाठ असेल असा, बाबांचा जुना, तो कधीच बदलू नका. वर ‘आम्ही ताईकडं आहोत’ एवढं. कागद चिकटवू नकोस, खडूही नको, पाणी चढलं की दोन्ही जातात. ऑइलपेंट आण, पांढरा, आणि मेच्या उन्हातच रंगव, म्हणजे जूनच्या आत नीट वाळेल. अक्षरं आईलाच काढू दे.